दिवाडीहून निघालेल्या नौका

सैन्य आणि खासगी उद्योग यांच्या भागीदारीचा विषय निघाला की लोक क्षेपणास्त्रे आणि ड्रोनबद्दल बोलू लागतात. मला मात्र आपली दिवाडी आठवते. जुन्या गोव्याहून फेरीने मांडवी ओलांडली की येते ती. बोंदेराला आपण हौसेने जातो. पण तिथल्या बोटींच्या कारखान्याची आठवण किती जणांना असते?

रत्नाकर दांडेकर यांच्या या कारखान्यात नौदलाने 'म्हादेई' बांधून घेतली. ५६ फुटी शिडाची नौका, लाकूड आणि फायबरग्लासची. आराखडा डच, हात गोव्यातले, नाव आपल्या नदीचे. कमांडर दिलीप दोंदे बांधणीच्या काळात कारखान्यात स्वतः राबले. २००९ साली ती नौदलात आली आणि त्याच वर्षी दोंदे तिच्यातून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, २०१० च्या मे महिन्यात परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी हीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता पुरी केली. २०१७ मध्ये तिची बहीण 'तारिणी' आली आणि सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरून आल्या.

मग आली 'कौंडिण्य'. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातले जहाज प्रत्यक्षात उतरवायचे! २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि दांडेकरांची होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. जुना नकाशा कुठेच नव्हता. नौदलाने आराखड्याची आकडेमोड केली, मद्रास आयआयटीत प्रतिकृतीची पाण्यात चाचणी झाली, आणि केरळचे बाबू शंकरन व त्यांचे कारागीर यांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या. खिळा नाही, इंजिन नाही. २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघालेले हे जहाज जानेवारीच्या मध्यास मस्कतला पोचले.

या तिन्ही नौकांत मला भागीदारीचा खरा अर्थ दिसतो. नौदलाजवळ गणित होते, समुद्राचा अनुभव होता, थांबण्याची तयारी होती. कारखान्याजवळ हात होते. नुसती निविदा काढून आणि बिल चुकते करून असे काही उभे राहत नाही.

पण एक काळजीही वाटते. आपल्याकडची अनेक बोटयार्डे खनिजाच्या बार्जांवर जगत होती. २०१२ साली खाणी थांबल्या आणि त्यांचे काम आटले. एकाच गिऱ्हाईकावर विसंबलेल्या धंद्याचे काय होते, हे गोव्याला कोणी शिकवायला नको. नौदल दरवर्षी शिवलेले जहाज मागणार नाही. दोन कामांच्या मधली वर्षे कारागिराने काय खावे?

म्हणून नौका पाण्यात गेली की भागीदारी संपली, असे होऊ नये. शिवणाऱ्या हातांजवळ आमची चार पोरे बसवायला हवीत. आयटीआयमधली असोत किंवा चाऱ्यांच्या घरातली. जहाज संग्रहालयात ठेवता येते. हातातली विद्या मात्र दुसऱ्या हातातच ठेवावी लागते.