पिशवीवाला लांडगा

मराठींत ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ यांत एका मात्रेचें काय तें अंतर आहे. आणि प्राण्यांच्या बाबतींत तेंही पुष्कळदां उरत नाहीं. ज्या जनावराला आपण आज नांव ठेवितों त्यालाच उद्यां नांवें ठेवितों. टास्मानिया बेटांतील एका पट्टेदार जनावराची हकीकत वाचीत असतां ही गोष्ट मला फार जाणवली, आणि तेव्हांपासून तें कांहीं केल्या डोक्यांतून जात नाहीं. नागपुरांत बसून टास्मानियाची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुढें येईलच.

हें जनावर दिसावयास कुत्र्यासारखें. पाठीच्या मागल्या भागावर वाघासारखे आडवे पट्टे. शेपटी मात्र कांगारूच्या धर्तीची, मुळाशीं जाड आणि ताठ. १८०८ सालीं जॉर्ज हॅरिस यानें त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां अमेरिकेंतील ऑपॉसमच्या वंशांत त्याला घालून ‘श्वानमुखी’ अशा अर्थाचें विशेषण जोडलें. पुढें टेमिंक यानें १८२४ त त्याला स्वतंत्र वंश देऊन त्याचें नांव थायलासिनस ठेविलें. तेथें जाऊन वसलेल्या गोऱ्या मेंढपाळांना असल्या बारकाव्यांशीं काय कर्तव्य? त्यांनीं त्याला वाघ म्हटलें, लांडगा म्हटलें, तरसही म्हटलें. आणि वाघ, लांडगा किंवा तरस यांस मारावयाला कोणी पंचांग पाहत नाहीं! १८८८ पासून १९०९ पर्यंत तेथील सरकारनें मोठ्या जनावरामागें एक पौंड याप्रमाणें बक्षिसें वांटलीं. लहानमोठीं मिळून २,१८४ बक्षिसांची नोंद आहे. पूर्ण वाढलेली मेंढी लोळविण्याइतका त्याचा जबडा बळकट नव्हता, असा निष्कर्ष कांहीं संशोधकांनीं २०११ सालीं काढला. पण तोंवर ज्याची बाजू मांडावयाची तो आरोपीच शिल्लक नव्हता. पिंजऱ्यांतील शेवटचा थायलासिन होबार्ट येथें ७ सप्टेंबर १९३६ रोजीं मेला. कायद्याचें संरक्षण त्याच्या जातीस त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मिळालें होतें.

मग तें होतें तरी काय? तें शिशुधान होतें. म्हणजे ज्यांचीं पिलें अगदीं अपुऱ्या वाढीचीं जन्मतात आणि आईच्या पोटावरील पिशवींत, स्तनाला चिकटून, उरलेला गर्भवास पुरा करितात, त्यांपैकीं. माझे एक संस्कृतज्ञ स्नेही आहेत. जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज या चार कोठड्यांत सगळी सृष्टि बसते, अशी त्यांची खात्री. मीं हें जनावर त्यांच्यापुढें ठेविलें. ते म्हणाले, “अहो, जरायुजच कीं! अडलें कुठें?” मीं म्हटलें, “शास्त्रीबोवा, याची वार नांवापुरती आणि चार दिवसांची. खरें गर्भाशय पोटाच्या बाहेर. या त्रिशंकूसाठीं पांचवी कोठडी बांधा.” ते हंसले, पण कोठडी कांहीं त्यांनीं बांधली नाहीं.

आमच्या ताडोबा-पेंचच्या रानांतला कोळसुंदा घ्या. त्याची व थायलासिनची कवटी शेजारीं शेजारीं ठेविल्यास कोणीही त्यांना भाऊबंद म्हणेल. परंतु कवटी उलटी करा. थायलासिनच्या टाळूच्या हाडांत दोन मोठीं भोकें दिसतील. वरच्या जबड्यांत पुढचे दांत सहाच्या ऐवजीं आठ भरतील. आणि खालच्या जबड्याचा मागला कोपरा आंत वळलेला आढळेल. तोंडावळा पोटाच्या धंद्यानें घडविलेला, कुळाची खूण टाळूंत लपलेली! कोळसुंद्याचें रक्ताचें नातें थायलासिनपेक्षां वटवाघुळाशीं आणि हत्तीशीं अधिक जवळचें आहे, हें ऐकून माझ्या घरांतील मंडळींनीं माझ्याकडे संशयानें पाहिलें. पण गोष्ट खरी आहे. ब्रिटिश अमदानींत कोळसुंद्याच्या डोक्यावरही बक्षीस होतें. त्याचें दैव थोडें बरें. १९७२ चा वन्यजीव-कायदा आला तेव्हां तो रानांत शिल्लक होता.

शास्त्रज्ञही तोंडावळ्यास भुलले नाहींत असें नाहीं. दक्षिण अमेरिकेंत पॅटागोनियाच्या खडकांतून बोऱ्हायना या नांवाच्या हिंस्र प्राण्याचे अवशेष निघाले, तेव्हां थायलासिन त्याचाच वंशज असें कित्येकांनीं मानिलें. हा वाद विसाव्या शतकांत बराच काळ चालला. संग्रहालयांत जपलेल्या कातड्यांतून काढलेल्या डीएनएनें १९८९ सालीं त्याचा निकाल बहुतेक लागला: थायलासिन ऑस्ट्रेलियाच्याच घरचा. आज त्याला डॅसियूरोमॉर्फिया या गणांत घालितात. या गणांत तीन कुलें: एक थायलासिनचें, तें बुडालें, दुसरें वाळवीवर जगणाऱ्या नंबाटचें, त्यांत तो एकटाच, आणि तिसरें डॅसियूरिडी, मोठें खटल्याचें. त्यांत दांडगा टास्मानियन डेव्हिलही आहे आणि आपल्या चिचुंद्रीहून पुष्कळ लहान, अवघा चार-पांच ग्रॅम वजनाचा प्लॅनिगेलही आहे. मात्र मांस खातो एवढ्यावरून कोणी या गणांत बसत नाहीं. अमेरिकेंतला ऑपॉसम मांस खातो, तरी त्याचा गण निराळा.

आतां नागपूरची गोष्ट. स्टीफन हिस्लॉप या पाद्र्याचें नांव येथील महाविद्यालयामुळें सर्वांस ठाऊक आहे; पण हा गृहस्थ खडक फोडीत हिंडे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वालुकाश्मांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. त्या वनस्पतीचें नांव ग्लॉसोप्टेरिस. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वींचीं तींच पानें ऑस्ट्रेलियाच्या कोळशांतही आहेत, कारण त्या काळीं ही सारी भूमि एकत्र नांदत होती. पुढें सुमारें तेरा कोटी वर्षांपूर्वीं आपली भूमि त्या एकत्र कुटुंबांतून वेगळी निघाली. पिशवीवाले प्राणी दक्षिण अमेरिकेंतून अंटार्क्टिकाच्या वाटेनें ऑस्ट्रेलियांत पोंचले ते त्यानंतर फार उशिरां. म्हणून पान आपल्या वांट्यास आलें आणि पिशवी आली नाहीं. आज हिंदुस्थानच्या रानांत एकही शिशुधान नाहीं. सुरत जिल्ह्यांत वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणींतून निघालेल्या इवल्याशा दांतांपैकीं कांहीं शिशुधानांचे असावेत, असें मत २००५ सालीं पुढें आलें आहे. ते दांत पांच कोटी वर्षांहून जुने आहेत. शास्त्रीबोवांना मीं हें सांगितलें, तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, त्या दांतांच्या धन्याला नांव काय ठेविलें?