दूध आणि आठ : सर्बियन व तिबेटी बोलींची गोष्ट

१/ दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे म्हणतात. पण बदलत्या बोलींना 'एक भाषा' म्हणायचे की अनेक, हे कोण ठरवते? सर्बियन आणि तिबेटी या दोन भाषांचा इतिहास या प्रश्नाची अगदी उलटसुलट उत्तरे देतो.

२/ 'दूध' हा शब्द घ्या. बेलग्रेडमध्ये ते 'म्लेको', तर हर्झेगोव्हिनात 'म्लिएको'. एकाच प्राचीन स्लाव्ह स्वराची ही दोन रूपे. बोलणाऱ्या दोघांनाही एकमेकांचे बोलणे सहज समजते.

३/ वुक कराजिच यांनी १८१८ मध्ये व्हिएन्नात सर्बियन शब्दकोश प्रसिद्ध केला. जसे बोलावे तसेच लिहावे, हे त्यांचे सूत्र. धर्मग्रंथांच्या जड स्लाव्ह वळणाऐवजी त्यांनी शेतकऱ्या-मेंढपाळांची बोली लेखनात आणली. चर्चने कडाडून विरोध केला. सर्बियाने त्यांची लेखनपद्धती पूर्णपणे स्वीकारली ती १८६८ मध्ये; तेव्हा वुक यांना जाऊन चार वर्षे झाली होती. गंमत अशी, की वुक 'म्लिएको' लिहीत. सर्बियात मात्र 'म्लेको'च रुजले.

४/ आता तिबेटी 'आठ'. लिहिताना ब, र, ग, य, द अशी पाच व्यंजने. ल्हासात उच्चार मात्र जवळपास 'ग्ये'. लुप्त झालेल्या व्यंजनांची जागा तेथे सुरांच्या चढउताराने घेतली आहे. उलट आम्दोच्या बोलीत सूर नाहीत, जोडव्यंजने मात्र टिकून आहेत. बाल्टिस्तानातही त्यांतील काही आजही ऐकू येतात.

५/ परंपरेनुसार सातव्या शतकात थोन्मी संभोटाने घडवलेली ही लिपी. नवव्या शतकात तिचे शुद्धलेखन स्थिरावले आणि उच्चार पुढे निघून गेले. म्हणूनच आम्दोचा पशुपालक आणि ल्हासाचा व्यापारी पहिल्या भेटीत बोलताना अडखळतात. पोथी मात्र दोघेही तीच वाचू शकतात.

६/ सर्बियनचे नेमके उलटे झाले. १८५० मध्ये व्हिएन्नात सर्ब व क्रोएट विद्वानांनी समान साहित्यभाषेचा करार केला. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला आणि परस्परांना समजणाऱ्या त्याच बोलण्याला सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, माँटेनेग्रिन अशी वेगवेगळी नावे मिळाली.

७/ १९५९ नंतर भारतात आलेल्या निर्वासितांमध्ये मध्य तिबेटच्या वळणाची समाईक बोली रुजली. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळही अशी एक वसाहत आहे. समाईक बोलीने परक्या भूमीत समाज जोडला. पण या जोडणीत खाम आणि आम्दोची घरगुती वळणे मागे सरतात, ही तिची किंमत.

८/ एकीकडे समजणारे बोलणे राजकारणाने विभागले, दुसरीकडे न समजणारे बोलणे लिपीने एकत्र ठेवले. तेव्हा 'ही भाषा नव्हे, नुसती बोली' असे कोणी म्हटले, तर आधी विचारावे : हे ठरवले कोणी, आणि कधी?