ओव्हर!

गेल्या डिसेंबरात आम्ही दोन आरव्ही (चाकांवरची घरं म्हणा ना!) भाड्याने घेऊन डेथ व्हॅलीला गेलो. एकीत मी, बायको आणि मित्राची दोन कार्टी. दुसरीत मित्र, त्याची बायको आणि पुण्याहून आलेले माझे आई-बाबा. तिकडे मैलोनमैल मोबाईलला रेंज नाही, म्हणून वॉकी-टॉकीची जोडी घेतली.

आता थोडं ज्ञानामृत. अमेरिकेत हे साधे रेडिओ एफआरएस नावाच्या सेवेत येतात. 22 चॅनल, लायसन्सची भानगड नाही. 2017 च्या नव्या नियमांनी बहुतेक चॅनलवर 2 वॅटपर्यंत पॉवर चालते, 8 ते 14 वर मात्र अर्धाच वॅट. खोक्यावर '35 मैल' छापलेलं असतं, ते दोघं दोन डोंगरांच्या माथ्यावर बसून गप्पा मारणार असतील तर! या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. आम्हाला सपाटीवर जेमतेम दोन मैल मिळाले, घाटात एक वळण. शिवाय 'प्रायव्हसी कोड' नावाची एक फसवी गोष्ट असते. त्याने इतरांची बडबड तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच. तुमचं बोलणं त्या चॅनलवर कोणीही ऐकू शकतं.

तर झालं असं की, टाउन पास हा सुमारे 5,000 फुटांवरचा घाट. तिथून खाली स्टोव्हपाइप वेल्सपर्यंत, म्हणजे थेट समुद्रसपाटीपर्यंत, सलग उतार. मित्र पुढे, मी मागे. त्याचे ब्रेकलाइट विझेचनात आणि जळका वास यायला लागला. बायकोने रेडिओ उचलला, तर त्यातून आईचा आवाज!

"तो काही परत यायचा नाही आता. वरची खोली उगाच बांधली आपण."

मग बाबा. "त्याला विचारू नकोस हं. येतो म्हणेल, आणि मग तिकडे येऊन कुढत बसेल."

त्यांचा रेडिओ शालीखाली दबला होता, बटणासकट. या यंत्रात ज्याचं बटण दाबलेलं, त्याला दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. मी हॉर्न वाजवतोय, दिवे मारतोय... उपयोग शून्य. नशीब, आमच्या रेडिओत मिनिटभराने बोलणं आपोआप तुटायची सोय होती. ते तुटल्याबरोबर बायको ओरडली, "गिअर खाली टाका, ब्रेकवरचा पाय काढा!"

बाजूला थांबून ब्रेक गार होईपर्यंत चहा केला. मी काहीच बोललो नाही.

रात्री आईला रेडिओ शिकवत होतो. "बटण दाबून बोलायचं, झालं की 'ओव्हर' म्हणून सोडायचं. सोडल्याशिवाय पलीकडचं ऐकू येत नाही."

"म्हणजे तुझ्या रविवारच्या फोनसारखं," बाबा म्हणाले. "फक्त तू सोडत नाहीस."

खरंच की! ऑफिस, बर्फ, नवी गाडी... अर्धा तास मीच बोलत असतो.

ते पुण्याला परतल्यावरच्या पहिल्या रविवारी फोन लावला आणि एवढंच विचारलं, "वरच्या खोलीचं काय करायचं म्हणताय?" आणि गप्प बसलो.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई बोलायला लागली.