महागावचं ऊन आणि नणंदबाईंचा फोटो

संक्रांत होऊन चार-सहा दिवसच झाले होते. तिळगुळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, तोच महागावहून भाचेसुनेचा फोन आला. "मामी, काहीही करा पण चार दिवस याच. माझ्या साड्या परत यायला लागल्यात!"

आमची ही भाचेसून, म्हणजे नणंदबाईंची सून, मोठी हिकमती. मुलं शाळेत जायला लागली तसा तिनं घरच्या पुढच्या खोलीत साड्यांचा छोटासा धंदा मांडला. दुकान म्हणजे काय, तर एक लाकडी कपाट नि एक मोबाईल. कुणाला तरी साडी नेसवायची, फोटो काढायचा, ओळखीपाळखीच्या बायकांना पाठवायचा आणि पसंत पडली की पार्सल करायची. पुसद, उमरखेडपासून थेट पुण्यापर्यंत तिचं गिऱ्हाईक. पण एका महिन्यात पाच साड्या परत आल्या. तक्रार एकच: "फोटोत राणी रंग होता, हातात आली ती मरून." जाण्या-येण्याचा खर्च अंगावर पडला तो पडलाच, पण एकदा गेलेला विश्वास कसा परत यायचा? घरात 'आता पुरे हा खटाटोप' अशी कुजबुजही सुरू झाली होती.

मला फोटोचा नाद आहे हे आमच्या नातेवाइकांत सर्वांना ठाऊक. तेव्हा बॅग भरली आणि निघाले.

नागपूरहून यवतमाळ आणि पुढे आर्णी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन दिसू लागते. कुठे वेचणी उरकलेल्या पऱ्हाटीवर चुकार बोंडं लोंबत होती, कुठे तुरीच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. महागाव हे नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं तालुक्याचं गाव. तालुक्यातून पूस नदी वाहते, अधर पूस धरणही इथलंच. शेजारचा पुसद तालुका राजकारणात गाजलेला. वसंतराव नाईक (१९६३ ते १९७५) आणि सुधाकरराव नाईक (१९९१ ते १९९३) हे दोन मुख्यमंत्री तिथल्या गहुलीचे. महागावचं नाव मात्र प्रवासवर्णनांत सापडायचं नाही. यात्रेकरू पुढे माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जातात, पावसाळ्यात हौशी मंडळी सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला जातात आणि महागाव खिडकीतून मागे पडतं.

मग महागावात पाहण्यासारखं काय? मी चार दिवस राहिले आणि माझ्या मते तरी उत्तर सापडलं. तिथलं ऊन!

संध्याकाळी चहा घेता घेता भाचेसुनेचे फोटो पाहिले. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, दिसायला गोरीगोमटी, म्हणून तिलाच 'मॉडेल' केलेली. भर बाराच्या उन्हात गच्चीवर उभी. डोळ्यांखाली काळ्या सावल्या, मागे पाण्याची काळी टाकी, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. त्यावर कळस म्हणजे, चेहरा अजून उजळ दिसावा म्हणून फोनमधली ती 'सौंदर्य' वाढवणारी सोय चालू केलेली!

"अगं, चेहरा उजळला तशी साडीही उजळली की! तुझा मरून रंग गेला तो इथे," मी म्हटलं. बिचारी कपाळावर हात मारून बसली.

तिला हसायचा मला काय अधिकार? मी शिकले ती आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर. एका रोलमध्ये फोटो निघायचे बाराच. एक वाया गेला तर दोन दिवस जीव हळहळायचा. तेव्हा फोटोचा एकच मंत्र होता: 'सूर्य आपल्या पाठीशी ठेवा.' त्या काळच्या साध्या कॅमेऱ्याला भरपूर उजेड लागायचा, म्हणून ते योग्यही होतं. पण सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी म्हणजे समोर उभं राहणारीच्या डोळ्यांत! जुना अल्बम उघडून पाहा. आपल्या आया, मावश्या, आत्या साऱ्याजणी कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून उभ्या. मला लहानपणी वाटायचं, या सगळ्या इतक्या रागीट का? रागीट कसल्या, उन्हानं बेजार झालेल्या!

पहिल्या दिवशी आम्ही एकही फोटो काढला नाही. कोणत्या वेळी ऊन घरात कुठवर येतं, तेवढं पाहत बसलो. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. ऐन दुपारीसुद्धा तो आभाळात जेमतेम अर्ध्यावर चढतो. तेच मे महिन्याच्या विशीच्या सुमाराला तो इथे बरोबर डोक्यावर येतो नि आपली सावली आपल्याच पायाखाली जाते. नणंदबाईंच्या घराची ओसरी उत्तरेला तोंड करून आहे. "थंडीत बरफासारखी गार राह्यते," म्हणून त्या तिला कायम नावं ठेवायच्या. पण त्या ओसरीत ऊन मुळीच येत नव्हतं आणि उजेड दिवसभर सारखा, मऊ, दुधासारखा. फोटोवाले स्टुडिओत एवढे दिवे-पडदे लावून जे करतात, ते या ओसरीत फुकट होत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला ओसरीच्या कडेला, तोंड अंगणाकडे करून उभी केली. भिंतीला टेकून नव्हे, चांगली चार-पाच हात पुढे. म्हणजे मागची भिंत पुसट होते आणि साडी उठून दिसते. फोनमधली ती सोय बंद केली. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, म्हणजे फोन त्या चेहऱ्याप्रमाणे उजेड ठरवतो. फोटो निघाल्यावर साडीचा पदर फोनशेजारी धरून पाहिला. मरून तो मरून! भाचेसुनेचा चेहरा काय खुलला म्हणता!

पुढची अडचण हातांची. फोटोत हातांचं काय करावं हे कुणालाच कळत नाही. मग मुलगी एकतर फौजदारासारखी कमरेवर हात ठेवते, नाहीतर परेडीला उभी राहते. तिला म्हटलं, "तू पोज देऊ नकोस. पदर सारखा कर, गजरा नीट कर, निऱ्या पाहा." हातांना काम मिळालं तशी ती सैल झाली, आणि भाचेसून काहीतरी बोलली त्यावर खुदकन हसली. त्या हसण्याआधीच्या क्षणी फोटो! गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) यांनी काढलेले नटनट्यांचे फोटो आठवतात ना? त्यांचं 'चेहरे' हे पुस्तकही गाजलं. त्यात कपडे-दागिने भारी असले तरी आपली नजर आधी चेहऱ्यावर जाते. समोरचं माणूस निवांत असल्याखेरीज हे होत नाही, आणि त्याला कॅमेरा भारी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी म्हटलं, चला शेताकडे. यावर मात्र भाचेसून अडखळली. "रस्त्यात बाईमाणसानं फोटो काढायचे म्हणजे लोक पाहतात हो मामी." मी तिला होमाय व्यारावालांची (१९१३-२०१२) गोष्ट सांगितली. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरे सांभाळत त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले मोठमोठे प्रसंग टिपले. आणि सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने! ऐकून ती मुकाट्यानं चपला घालून निघाली.

वाटेत बाजारातून परतणारी एक बंजारा म्हातारी भेटली. या भागात बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ. तरुण बायका आता साड्या नेसतात, पण ही आजी अजून पुरत्या वेषात होती. फेटिया, कांचळी, डोक्यावरून टुकरी, सगळ्यावर आरशांचं भरतकाम, कानशिलावर चांदीच्या घुगऱ्या. मी घाईनं फोन उचलला. तिनं हात आडवा केला. "फोटो घेशील, मग मले काय देशील?"

मला वाटलं, पैसे मागते आहे. मी पर्स उघडायला लागले तशी ती म्हणाली, "पैसा नाही वो. फोटोच दे. लई जन काढून नेतात, देत कोनीच नाही."

शरमेनं मान खाली गेली. पत्ता लिहून घेतला, मगच फोटो. उन्हात तिचे आरसे असे लखलखत होते की फोटोत पांढरे ठिपकेच ठिपके. तिला बाभळीखाली नेलं तर पानांच्या सावल्यांनी चेहऱ्यावर चट्टेपट्टे. शेवटी एका गोठ्याच्या दाट सावलीत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून बसवली. आरसे निवले. प्रत्येकात आभाळाचा निळा तुकडा दिसू लागला, आणि ते सुरकुतलेलं, रुबाबदार तोंड पहिल्यांदा नीट दिसलं. परत आल्यावर पहिलं काम केलं ते तिचा फोटो कागदावर छापून पाठवण्याचं.

मैत्रिणींनो, तुम्हालाही लेकीसुनांचे, साड्यांचे फोटो बाहेर काढायचे असतील तर एवढं ध्यानात ठेवा. साडी विकायची असेल तर दाट, सारखी सावली निवडा. संध्याकाळच्या उन्हात फोटो देखणा येतो, पण पांढरी साडीही पिवळी दिसते. ऊन हवंच असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर, आणि सूर्य तिच्या पाठीशी किंवा बाजूला. मग चेहरा काळवंडू नये म्हणून समोर कुणाला तरी पांढरी चादर नाहीतर धोतर ताणून धरायला सांगा. त्यावरून परतलेला उजेड चेहरा उजळतो, पावडरीची गरज नाही. फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. चार पावलं मागे सरून फोनच्या पडद्यावर जवळ आणा. काठापदरासकट पूर्ण साडी हवी तर फोन कमरेच्या उंचीवर, चेहरा हवा तर डोळ्यांच्या उंचीवर. आणि काढण्यापूर्वी मागे पाहा. डोक्यातून विजेचा खांब उगवलेला किती फोटोंत असतो!

आता खरी गोष्ट सांगते.

त्या संध्याकाळी शेतात चादर धरायला नणंदबाई आल्या होत्या. दमल्या तशा बांधावर टेकल्या आणि चादरीची घडी मांडीवर घेतली. सूर्य बाजूला उतरलेला. त्या पांढऱ्या घडीवरून उजेड वर त्यांच्या तोंडावर पडला होता. मी पाहतच राहिले. एवढ्या वर्षांत त्या मला अशा कधी दिसल्याच नव्हत्या.

"ताई, तुमचा एक फोटो काढते."

"माहा कायले वो? काळ्या मानसाचा फोटो काळाच येते."

घरी त्यांचा एकच फोटो आहे, लग्नाआधी स्थळासाठी काढलेला. चुन्याच्या पांढऱ्याफेक भिंतीपुढे उभं केलेलं, तोंडाला पावडर थापलेली, तरी चेहरा काळाठिक्कर. पन्नास वर्षं या बाईनं दोष आपल्या रंगाला दिला. दोष त्या भिंतीचा होता! मागे पांढरं आलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला. तो सगळंच गडद करून टाकतो आणि चेहरा बुडतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं. आणखी एक सांगितलं, जे आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. माझी आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकटीचा एकही फोटो निघाला नाही. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून काढावं लागलं. आजही त्या तसबिरीत तिच्या शेजारी कुणाचा तरी परका खांदा आहे.

नणंदबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी साडेचारला स्वतःच तयार होऊन अंगणात आल्या. अंगावर ठेवणीतली करवतकाठी टसर. ही आपल्या विदर्भाची साडी, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. टसरचा तो मुळचा मधासारखा रंग, त्यावर उतरतं ऊन आणि त्यांचा सावळा, शांत चेहरा. मागे हिरवी तूर नव्हती, तर कापणी झालेलं काळं रान होतं. त्यावर टसर सोन्यासारखी दिसली. मी बाराच फोटो काढले, जुन्या सवयीनं. सातवा तो नेमका आला.

भाचेसुनेनं तो त्यांना विचारून आपल्या गिऱ्हाइकांना पाठवला. आता साडी नेसून उभ्या राहायला आळीतल्या सगळ्या वयाच्या, सगळ्या रंगांच्या बायका येतात, आणि रंग वेगळा म्हणून साडी परत आलेली नाही.

निघताना मी मोठा फोटो चौकटीत घालून नणंदबाईंच्या हातात दिला. त्या कितीतरी वेळ पाहत होत्या. मुलगा म्हणाला, "आई, कपाटात नीट ठेवून देतो."

"कपाटात कायले? आत्ताच लाव भितीवर," त्या म्हणाल्या. "मी आहो तवर मलेबी पाहू दे."