सेंतेमिलियोंच्या मळ्यांत

बोर्दो शहराच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरांवर, चुनखडीच्या टेकडीवर सेंतेमिलियों हे लहानसे गाव वसले आहे. आठव्या शतकात एमिलियों नावाचा तपस्वी येथील गुहेत राहिला, अशी परंपरा आहे. पुढे त्याच खडकात कोरून काढलेले भव्य ख्रिस्तमंदिर पाहून आम्ही पायऱ्या चढून वर आलो, तो सभोवार दृष्टी पोहोचेल तेथवर द्राक्षमळेच मळे!

वडीलबंधूंच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवासाठी द्राक्षारसाची एक चांगली बाटली न्यावी, असा आमचा मानस होता. खिशात पैसे बेताचेच. हाती मात्र प्रत्येक सालास गुण देणारी एक छापील तालिका होती. अधिक गुणांचे साल पाहावे आणि बाटली उचलावी, इतके ते आम्हांस सोपे वाटले होते. दुकानातील वृद्ध गृहस्थांनी ती तालिका न्याहाळली व १९६४ सालची हकीकत सांगितली.

त्या वर्षी उन्हाळा उत्तम गेला. सेंतेमिलियोंच्या बाजूस मेर्लो जातीची द्राक्षे अधिक. ती लवकर पिकतात, म्हणून येथील तोडणी बहुतेक वेळेवर उरकली. जिरोंद खाडीपलीकडच्या मेदोक प्रांतात काबर्ने सोव्हिन्यों पिकते, तेही उशिरा. तेथे ८ ऑक्टोबरपासून पावसाने झोडपून काढले. पोयाक गावच्या शातो लातूरने (आपल्या लातूरशी साम्य नावापुरतेच!) तोडणी आधीच संपविली होती, तेथील रस उत्कृष्ट उतरला. त्याच गावच्या लाफित व मूतों या तितक्याच नामांकित मळ्यांचे घड वेलींवरच भिजले आणि रस पातळ झाला. साल एक, गाव एक; मग गुण कोणते द्यावे? कापणीच्या तोंडावर भात भिजलेले ज्यांनी पाहिले आहे, त्या वाचकांस हे निराळे सांगणे नलगे.

तालिका अगदीच निरुपयोगी, असे मात्र नव्हे. २०१३ हे तांबड्या द्राक्षारसास वाईट गेलेले साल, हे ती खरेच सांगते. परंतु २०१० सारख्या थोर सालाचा रस महाग, आणि पुष्कळ वर्षे मुरावयास लागणारा. २०१२ ला गुण मध्यम. तरी ऑक्टोबरच्या पावसापूर्वी मेर्लो हाती आल्यामुळे या बाजूस बरे साधले होते. मळा कोणाचा, तोडणी केव्हा झाली, हे विचारून आम्ही २०१२ चीच बाटली घेतली व धोतरात गुंडाळून पेटीच्या मधोमध ठेवली.

समारंभाच्या दिवशी वडीलबंधूंनी बूच काढले. वहिनींनी आधी किंमत विचारली, मग पेला पुढे केला.