माळवदाखालची झोप

किल्लारीचं आमचं जुनं घर माळवदाचं. दगडमातीच्या रुंद भिंती, खाली भर उन्हाळ्यात गारवा, रात्री वर चांदण्यात अंथरुणं. गळू नये म्हणून आत्या दर पावसाळ्याआधी वर माती टाकून घ्यायची. थरावर थर चढत गेले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तीच माती अंगावर आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून गाव नुकतंच निजलेलं. लातूर-उस्मानाबादेत जवळजवळ दहा हजार माणसं गेली. आत्याची दोन लेकरं त्यांतच.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहताना भांडं वाजलं तरी आत्या बाहेर धावायची. ‘धसका घेतलाय’ म्हणायचे सगळे. सोडवायचा कसा, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मीठ-मोहऱ्या उतरवल्या, अंगारा लावला, तुळजापूरला नेलं. मला आज त्याचं हसू येत नाही. त्या निमित्तानं गल्लीतल्या चार बाया रोज तिच्यापाशी बसत. पुढं नव्या गावठाणात जमिनीच्या मापानं घरं मिळाली, आणि त्या चौघी चार टोकांना गेल्या.

पक्क्या घरात आत्या निजलीच नाही. वर्षानुवर्षं अंगणात बाज. विसर्जनाची हलगी ऐकू आली की शेतात निघून जायची. आम्ही तिला हेकट म्हणायचो. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी या दुखण्याला १९८० मध्येच पीटीएसडी हे नाव दिलं होतं. आमच्या घरी ते माझ्या लेकीच्या तोंडून आलं, भूकंपाला तीस वर्षं होत आल्यावर.

लेकीनं १४४१६ वर टेलि-मानसला, मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडून मराठीत बोलले, तिथंच आत्याची निम्मी भीड चेपली. मग एसटीनं समुपदेशक बाईंकडे खेपा. त्यांनी ती रात्र पहिल्यापासून सांगायला लावली, तेव्हा आत्या उखडली, “मेलेल्यांचं कशाला उकरता?” चौथ्या खेपेला मात्र स्वतःच सांगू लागली. मला वाटलं होतं, गोळ्या देतील. बाईंनी दिला तो घरचा अभ्यास: आठवडाभर बाज उंबऱ्याशी, मग दहा मिनिटं आत, मग दुपारची डुलकी. श्वास कोंडला तर उठायचं नाही, भिंतीला हात लावून बसायचं. मध्ये दोनदा बाज परत अंगणात गेली. बाई रागावल्या नाहीत.

गेल्या अनंत चतुर्दशीला हलगी वाजत असताना आत्या आत निजली. दाराला कडी मात्र अजून लावू देत नाही.