समुद्राची भंडारा शाखा

भंडाऱ्याच्या माणसाचा समुद्राशी संबंध मिठापुरता. तलाव म्हणाल तर हवे तेवढे दाखवू. भात, पितळेची भांडी, तेही दाखवू. पण समुद्र पाहायचा तर रजा, प्रवासभत्ता आणि बायकोच्या माहेरी त्याच सुमारास लग्न नसणे, या तीन गोष्टी जमाव्या लागतात. माझ्या त्या एकदाच जमल्या. तेव्हा जुहूला गर्दी इतकी होती, की पाण्याऐवजी भेळेच्या गाड्याच पाहून परतलो.

अशात आमच्या शाखेत वेंगुर्ल्याकडचा एक पोरगा बदलून आला. हिशेबाला चोख, पण पक्ष्यांचा नादी. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना म्हणाला, "काका, समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या जागा वाचवायला हव्यात." मी त्याच्या डब्यातल्या सुक्या बांगड्याकडे पाहिले आणि मान डोलावली.

मग रोज एक धडा. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटे आहेत. तिथे सुरय नावाचे पक्षी उघड्या कातळावर अंडी घालतात. काँग्रेस स्थापन करणारा तो ॲलन ह्यूम, तो १८७५ साली पक्षी पाहायला त्या खडकांवर गेला होता, म्हणजे काँग्रेसच्या दहा वर्षे आधी. (माणसाने आधी काय करावे हे त्याला कळत होते.) तिथल्या गुहांत पाकोळ्या स्वतःच्या लाळेने घरटी बांधतात. त्या घरट्यांचे परदेशात सूप करतात, म्हणून ती चोरीला जात. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था त्यासाठी झटली. घराचे हप्ते फेडत असल्यामुळे लाळेने बांधलेल्या घराचे मोल मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. तरी म्हटले, "पण बाबा, आपण भंडाऱ्यात. समुद्र इकडूनही लांब, तिकडूनही लांब."

"तुमच्या वैनगंगेवरही सुरय आहे की. नदी सुरय. त्याच कुळातला."

"म्हणजे मुख्य कचेरी समुद्रावर आणि इथे शाखा?"

"तसं समजा. पण ही शाखा बंद पडायला आलीय."

एप्रिलातल्या एका रविवारी आम्ही मोहाडी तालुक्यातल्या एका घाटावर गेलो. तो पक्ष्यांसाठी, मी डांगरांसाठी. उन्हाळ्यात नदी अंग चोरते आणि मधली रेती उघडी पडते. तिथे ढिवरांच्या डांगरवाड्या असतात. मी वाडीकडे निघालो तोच डोक्यावर टप्पकन काही बसले. वर पाहतो तर काळी टोपी, पिवळी चोच आणि दुभंगलेली शेपटी पुन्हा माझ्याच टकलाचा नेम धरून येत होती.

"पाय पाहून ठेवा जी!" वाडीतली म्हातारी ओरडली. "अंडे हायेत तिथं."

माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर रेतीत एक खळगा होता. काडी नाही, गवत नाही. त्यात रेतीच्याच रंगाची, ठिपक्यांची तीन अंडी. तारण नाही, जामीन नाही, उघड्यावर ठेवलेली सगळी शिल्लक! कुत्री येऊ नयेत म्हणून म्हातारीने एका बाजूला बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. आम्ही मागे सरलो. मादी नदीत उतरली, पोट भिजवून आली आणि अंड्यांवर बसली. रेती इतकी तापली होती, की मला चपलेतूनही चटके बसत होते. मी रुमाल डोळ्यांना लावला. घाम होता, असे मी त्या पोराला सांगितले.

तेवढ्यात घरघर ऐकू आली. रेती भरायला ट्रॅक्टर. बाभळीच्या काट्यांच्या रोखाने येत होता. पोरगा हात पसरून आडवा धावला. मीही धावणार होतो, पण ट्रॅक्टरच्या बॉनेटवर रंगवलेली अक्षरे वाचली आणि पाय रेतीतच राहिले. आमच्याच बँकेकडे तारण. कर्ज शेतीसाठी. अर्ज मी तपासला होता.

ड्रायव्हर म्हणजे मालकच. मला पाहून त्याने इंजिन बंद केले आणि हात जोडले. "बाबूजी, तुम्ही? उगीच आले. हप्ता भरतो ना मी सोमवारी."

"ते नाही. जरा वळसा घालून जा. इथे अंडी आहेत."

त्याने अंडी पाहिली, मला पाहिले. "वळसा घालतो जी. पण मी गेल्यावर दुसरे चार येतील. ते काही तुमचे खातेदार नाहीत."

नदीत पाणी अचानक सोडले की अंडी जातात, कुत्री नेतात, आणि रेतीच गेली तर अंडी घालायला जागाच उरत नाही, असे पोरगा त्याला सांगत राहिला. ज्या पक्ष्याला नावातच नदी मिळाली, तो आज जगाच्या यादीत धोक्यात आलेल्यांत आहे, हेही सांगितले. मालकाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग हप्ता कशातून भरू?" यावर पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मी डांगरांचा भाव विचारायला म्हातारीकडे गेलो.

तिसऱ्या सोमवारी तो हप्ता भरायला आला. नोटांत रेती होती. मोजता मोजता मी हळूच विचारले, "ती अंडी?"

"फुटली जी."

माझे मोजणे चुकले. "फुटली म्हणजे?"

"म्हातारी म्हणे, दोघातून पिल्लं निघाली. तिसरं तसंच पडून आहे."

मी नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.